लाल कपड्याखालचा संशयित

चेहरा पाहून गुन्हा ओळखणारा अख्ख्या लालबागेत एकच गुप्तहेर आहे आणि तो मी, गुणाजी तावडे. अजून एकही गुन्हेगार सापडलेला नाही, पण त्यात दोष लोकांच्या चेहऱ्यांचा आहे. संपाआधी मी गिरणीच्या साचेखात्यात जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम होतो. संपात गिरणी गेली, रुबाब तेवढा राहिला.

माझा भाचा जयवंत परळला चार कॉम्प्युटर मांडून सॉफ्टवेअर बनवतो. त्याला गिरणीची शिस्त लावायला मी तिथे जाऊन बसायचो. धागा तुटला की माग थांबवा, चूक झाली तिथेच पकडा, पुढे ढकलू नका! पोरांनी ऐकलं, चुका खरंच कमी झाल्या आणि मी फुगलो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जयवंत घामाघूम.

"मामा, दादरच्या दातांच्या दवाखान्याचं काम आम्ही पाठवतोय, पण त्यांना पोचतच नाहीये. दुपारपर्यंत मिळालं नाही तर ते दुसरीकडे जाणार. मग तुमच्या गिरणीसारखं इथंही कुलूप!"

"घाबरू नकोस. चोर आतलाच आहे."

पहिला संशय प्रोग्राम लिहिणाऱ्या दमयंतीवर, कारण ती शांत होती.

"मी काम करतेय, मामा."

मग चहावाला धोंडू, कारण तो आला की सगळ्यांचं काम थांबायचं. मग खुद्द डॉक्टर. दुसऱ्यांची कीड काढणारा माणूस आतून कसा असेल?

शेवटी गिरणीची रीत. काम कुठे अडतंय ते बघत मी टेबलामागून टेबल फिरलो. सगळं ठीक होतं. कोपऱ्यात लाल कपडा आणि झेंडूचा हार दिसला. हात जोडून पुढे सरकलो.

"मामा, याच्याखाली काय आहे?" दमयंतीने विचारलं.

"मशीन. खंडेनवमीला पूजा केलीय, हात लावू नकोस."

"अहो, तेच तर काम बाहेर पाठवतं!"

"त्याच्यावर संशय नको. मी स्वतः बटण बंद करून त्याला विसावा दिलाय. गिरणीत आम्ही..."

दमयंतीने मध्येच विचारलं,

"आणि चालू कोण करणार होतं?"

"गिरणीत त्याला वेगळा माणूस होता."

दमयंतीने नमस्कार केला, हार उतरवला, बटण दाबलं. थोड्या वेळाने दवाखान्याचा फोन आला. काम मिळालं होतं. जयवंत मटकन खुर्चीत बसला आणि हसत सुटला. "मामा, तुम्ही म्हणजे ना!"

संपात आमचे माग थांबले ते पुन्हा फिरलेच नाहीत. इथे एक बटण पुरलं. माझे डोळे भरून आले.

"झेंडूचा त्रास होतो मला," मी निष्कर्ष जाहीर केला.

"हार तर मी केव्हाच दाराला बांधला, मामा," दमयंती म्हणाली.