गंधराजाची कुंडी आणि मधुकररावांची मिशी

"यंदा या घरात एक जरी किडा शिरला, तर ही मिशी उतरवीन!" मधुकररावांनी वसुबारसेलाच जाहीर केलं.

मिशी चाळीस वर्षांची होती. साताऱ्याहून कोलकात्यात, लेकाच्या बालीगंजच्या फ्लॅटमध्ये आली, तरी तिचा रुबाब तसूभरही उतरला नव्हता. त्यामुळे सुनंदाबाईंनी चकलीचा सोऱ्या खाली ठेवून नवऱ्याकडे नीट पाहिलं.

किडाही साधा नव्हता. ढालीसारखा, तपकिरी, दिव्यावर झेप घेणारा, आणि चिरडला की वरच्या मजल्यावरच्यांनीही नाक धरावं! गेल्या लक्ष्मीपूजनाला असाच एक सुनेच्या वडिलांच्या बासुंदीत पडला. दत्तात्रयराव जन्मापासून डमडमचे, शाळामास्तर, अबोल. त्यांनी वाटी सारली, नमस्कार केला आणि निघून गेले. वर्षभरात पुन्हा उंबरा चढले नाहीत. सून सुचित्रा त्यावरून भांडली नाही. पण सणावाराला ती फोनवर हळूच "बाबा, जेवलात ना?" म्हणायची, तेव्हा मधुकरराव उगीचच वर्तमानपत्रात तोंड खुपसत. यंदा तिने वडिलांना कसंबसं राजी केलं होतं.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी मोहीम निघाली. खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी, पाइपांच्या भोकांत जुने मोजे, दाराखाली सुनंदाबाईंचं पातळ. बेलच्या वायरीचं भोक बुजवताना वायरच तुटली!

"अहो, आज दार उघडं ठेवायचं असतं! लक्ष्मी यायची कुठून?"

"ती घरचीच आहे. हाक मारील!"

शेवटी त्यांनी गॅलरीतली गंधराज लिंबाची कुंडी उचलून चौरंगाशेजारी आणली. ती दत्तात्रयरावांनीच लग्नात दिलेली. आपण ती जपली आहे, हे व्याह्यांना दिसायला नको?

तिन्हीसांजेला सुचित्रा वडिलांना आणायला मेट्रो स्टेशनवर गेली. इकडे मधुकररावांनी घरातले सगळे दिवे मालवले. फक्त समई तेवढी ठेवली. बाहेर कालीपूजेचे फटाके कडाडत होते.

टप्! समईवर किडा.

टप्, टप्! आणखी दोन.

"आले कुठून हे? मुंगीलासुद्धा वाट नाही!" मधुकररावांनी चप्पल उचलली.

"पूजेत चप्पल?" सुनंदाबाई ओरडल्या.

मग वर्तमानपत्राची गुंडाळी आली. फाट! आणि त्या बंद डब्यासारख्या घरात असा वास कोंडला, की समईलाही ठसका लागावा!

धड धड धड!

"फटाके!" नाकाला उपरणं लावून मधुकरराव म्हणाले.

"फटाके 'आई, आई' म्हणतात का हो?"

त्यांनी दाराखालचं पातळ ओढून काढलं, दार उघडलं. वास बाहेर पडला आणि समोर सुचित्रा दिसली. डोळे भरलेले. मागे दत्तात्रयराव, मिठाईचा डबा छातीशी धरून.

"वीस मिनिटं हाका मारतेय, बाबा! माझे वडील परत निघाले होते. म्हणाले, सणाला दिवासुद्धा लावला नाही, म्हणजे आपण नको आहोत त्यांना."

मधुकररावांची मान खाली गेली. "व्याही, तो बासुंदीतला किडा... मला इतकी लाज वाटली, की वर्षभर फोन करायला धीर झाला नाही."

"कसला किडा?" दत्तात्रयराव बुचकळ्यात पडले. "अहो, माझं त्या दिवशी पोट बिघडलं होतं! मी बासुंदी टाकून उठलो म्हणून तुम्हीच रागावलात, असं मी धरून बसलो. इथे या दिवसांत किडे पडायचेच. आम्ही वाटीवर हात धरून जेवतो."

मधुकररावांनी कपाळावर हात मारला. एका किड्याला विचारलं असतं, तरी त्याने दोन मिनिटांत हे सांगितलं असतं!

मग सगळ्या खिडक्या उघडल्या, पणत्या लागल्या. दत्तात्रयराव कौतुकाने गंधराजापाशी वाकले, त्यांनी एक पान उलटलं आणि हसू लागले. पानाखाली किड्यांची रांगच रांग, शाळेतल्या प्रार्थनेसारखी!

मधुकररावांचा हात हळूच मिशीकडे गेला.

"असू दे, बाबा," सुचित्रा सासऱ्यांना म्हणाली. "किडा घरात शिरलाच कुठे? तुम्ही त्याला उचलून आणून चौरंगाशेजारी बसवलंत!"