घैसासांचा रविवारचा वाद

आमच्या शेजारच्या घैसासांकडे "या, बसा" नंतर येतं. आधी प्रश्न येतो. "वहिनी, इंटरनेटचं श्रेय कोणाला?" मी पहिल्यांदा विरजण मागायला गेले तेव्हाही हेच. हातात वाटी घेऊन उभी मी. म्हटलं, "अहो, मला दही लावायचंय!"

गॅसवाला, इस्त्रीवाला, कुणी सुटत नाही. सोसायटीच्या सत्यनारायणाला त्यांनी गुरुजींना गाठलं. गुरुजी हात जोडून म्हणाले, "सगळं त्याचंच." घैसास म्हणाले, "त्याला मधे आणू नका. दावेदार आधीच पुष्कळ आहेत."

माझी शाळा सातवीपर्यंत. पुढचं सगळं ऐकून-वाचून. पण घैसासांनी मला हे प्रकरण नीट समजावलं हो. म्हणजे काय, की ज्यांनी एका कॉम्प्युटरचं बोलणं दुसऱ्यापर्यंत पोचवलं, त्यांनी रस्ता बांधला. मग कितीतरी वर्षांनी एकानं त्यावर पानं मांडली, आपण बोट लावून उघडतो ती. त्यानं दुकान थाटलं. आता मोठा कोण? घैसास रस्त्याच्या बाजूचे. त्यांचा मुलगा मंदार शिकागोला असतो, तो दुकानाच्या. आमच्या वाघोलीत रस्ताही आहे, दुकानंही आहेत, पाणी तेवढं टँकरनं येतं. मी कुणाचीच बाजू घेत नाही.

दर रविवारी सकाळी मंदारचा व्हिडिओ कॉल. त्यासाठी घैसास इस्त्रीचा शर्ट घालून बसतात. "वादाला बनियनवर बसू नये," म्हणतात. आवाज असा, की आमच्या स्वयंपाकघरात वेगळा रेडिओ नको.

"रस्ताच नसता तर दुकान काय हवेत टाकलं असतं?"

"पण बाबा, दुकानंच नसती तर तुमच्या रस्त्यावर फिरकलं कोण असतं?"

तासभर चालायचं.

एका रविवारी मात्र भिंतीपलीकडून मंदारचा दमलेला आवाज आला, "बाबा, पटलं. तुमचंच बरोबर. जिंकलात तुम्ही."

मी म्हटलं, चला, एकदाचा निकाल लागला! वाटीभर शिरा घेऊन गेले. घैसास खुर्चीत, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. दार उघडंच होतं. प्रश्न नाही, काही नाही.

"अहो, जिंकलात की!"

"हो ना."

"मग?"

"मग त्यानं विचारलं, जेवलात का. म्हटलं, हो. गोळ्या घेतल्या का. हो. तर म्हणाला, ठेवू का मग."

मी वाटी टेबलावर ठेवली.

"आमचं दुसरं बोलणंच नाही, वहिनी. सगळं त्याची आई बोलायची. मी मागून ओरडायचो, मी बरा आहे म्हणून सांग. ती गेल्यावर दोन रविवार आम्ही नुसते एकमेकांचे चेहरे बघत बसलो. तिसऱ्या रविवारी तो फोन ठेवणार, तेवढ्यात मला काही सुचेना, म्हणून विचारलं, काय रे, हे इंटरनेट काढलं कुणी? तर गडी जो पेटला..." ते हसले. मग शिऱ्याकडे बघत म्हणाले, "पुढच्या रविवारी काय बोलू?"

मला तरी काय येणार सांगता? मी आपलं म्हटलं, "गरम आहे तोवर खा."

आठवडाभर घैसासांनी कुणालाच काही विचारलं नाही. इस्त्रीवाला मला म्हणाला, "आजी, काका बरे आहेत ना?"

रविवार उजाडला. मी कुकर चढवला होता. पलीकडून खाकरल्याचा आवाज आला.

"मंदार, मी विचार केला रे. तू म्हणत होतास तेच खरं. दुकानवालाच मोठा."

मला वाटलं, फोन कट झाला. मग मंदार आधी हसला, आणि चढ्या आवाजात म्हणाला, "अहो बाबा, असं कसं? रस्ता कुणी बांधला?"

मी कुकरखालचा गॅस बंद केला. नेमकी शिटी व्हायची.