नऊ फुटांचा तौलनिक अभ्यास

आमच्या कार्यालयाने गॅसची पाइपलाइन खानावळवाल्या मावशींच्या भिंतीपर्यंत यशस्वीरीत्या आणली. शेगडी भिंतीपासून नऊ फुटांवर होती. परंतु मंजूर नकाशा भिंतीशीच संपत असल्याने कामही तिथेच पूर्ण झाले. फीत कापली, अख्ख्या गल्लीने टाळ्या वाजवल्या. मावशींच्या नावापुढे ‘पाइपधारक’ अशी नोंद झाली आणि पाइपधारकांना सिलिंडर देता येत नसल्याने त्यांचा सिलिंडर त्याच दिवशी बंद झाला. तेलही गेले, तूपही गेले.

तिसऱ्या दिवशी मावशी कार्यालयात आल्या.

“अहो साहेब, चाळीस माणसं जेवतात माझ्याकडे. दोन दिवस पावावर भागवलं. उद्या ती दुसरी खानावळ धरतील, मग मी काय खाऊ?”

“घाई करून कसं चालेल, मावशी?” मोठे साहेब म्हणाले. “हे नऊ फूट इतर देशांत कसे ओलांडतात, ते आधी पाहायला नको?”

“त्यात पाहायचंय काय? नळी जोडतात!”

“पण कुठल्या धोरणाने?”

मावशी आल्या पावली परतल्या. अडाणीपणा असा उघडा पडतो.

अभ्यासगट तीन देश हिंडून आला. अक्षर बरे म्हणून अहवाल मी लिहिला. एका देशात आधी जमिनीत गॅस सापडला, मग पाइप आले. दुसऱ्याकडे गॅसच नव्हता. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, म्हणून त्याने आधी बंदर बांधले आणि गॅस जहाजाने आणला. तिसऱ्याने आधी गिऱ्हाइके मोजली, मग शेजाऱ्याशी करार केला. आपल्याकडे उद्घाटनच आधी झाले, सबब आपण तिघांच्याही पुढे आहोत, असा निष्कर्ष निघाला.

एव्हाना मावशींकडे सहाच माणसे उरली होती. मला फार वाईट वाटले, पण अहवालात त्यासाठी रकाना नव्हता.

मग त्या तिन्ही देशांचे पाहुणे आमची पद्धत शिकायला आले. त्यांचे जेवण अर्थातच पाइपधारक मावशींकडे ठेवले. मावशींनी ताटे वाढली: कच्चे तांदूळ, चिरलेली भाजी, पिठाचा गोळा.

“हे काय, मावशी?” साहेब किंचाळले.

“जेवण ताटापर्यंत आलंय की, साहेब! शिजायचं तेवढं राहिलंय. इतर देशांत कसं शिजवतात ते बघते आणि कळवते.”

पाहुण्यांनी ताटांचे फोटो काढले आणि टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, हाताला सवयच आहे.

हसताय? खुशाल हसा. पण घरी गेलात की भिंतीपासून शेगडीपर्यंतचे अंतर तेवढे मोजा. फीत कापली तेव्हा त्या गल्लीत तुम्हीही टाळ्या वाजवत होतात.