वारलूभाऊंची तणसाची ताटी

एसी ही आळशी माणसांची सोय आहे, असं वारलूभाऊंचं ठाम मत होतं. ते राइस मिलमध्ये फिटर. त्यामुळे यंत्रांविषयी जगानं आपल्याला विचारूनच बोलावं, अशी त्यांची माफक अपेक्षा होती. जग विचारत नव्हतं, ही जगाची चूक!

मूल गावचा पारा शेहेचाळिसावर चढला होता आणि लग्नानंतर पहिल्यांदाच लेक दिव्यानी नाशिकच्या जावयाला घेऊन येणार होती. तिनं फोनवर स्वच्छ सांगितलं, "बाबा, घर थंड राह्यलं तं पंधरा दिवस राहू. नाई तं यायले घेऊन दोन दिवसांत परत!"

पंधरा दिवस! वारलूभाऊंच्या बायकोनं, आशाबाईंनी, लगेच कुरडयांचे डबे खाली काढले.

"एसी घेऊन टाका ना आता!" त्या म्हणाल्या.

"काऊन? मीटर पळवाले? कूलरची नीट निगा राखली तं अर्ध्या विजेत काश्मीर होते!"

वारलूभाऊंनी निगा राखायला घेतली. मोटरला तेल दिलं, पंप धुतला, टाकीतला क्षार खरवडला. इथवर सगळं उत्तम होतं. इथंच थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

पण कूलरच्या तिन्ही बाजूंच्या गवताच्या ताट्या जुन्या झाल्या होत्या. बाजारात खस मिळत होती, पण सगळं बाजारातूनच आणायचं तर देवानं डोकं कशाला दिलंय? वारलूभाऊंनी शेजारच्या भागीरथाबाईंच्या ढिगातून धानाचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, मागून आणलं, तिन्ही ताट्यांत ठासून भरलं आणि गंजक्या जाळ्यांऐवजी वरून सुतळी बांधली.

आठवड्यानं जावई प्रणित दिव्यानीला घेऊन आला. कूलर खरंच गार हवा देत होता! वारलूभाऊंची छाती फुगली. संध्याकाळी प्रणित अंगणातून कूलरची मागची बाजू निरखत म्हणाला, "बाबा, याला काहीतरी उगवलंय."

तणसात राहिलेल्या धानाला कोंब फुटले होते. चांगले बोटभर पऱ्हे!

"मुद्दामच लावले," वारलूभाऊ क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले. "हिरवी ताटी जास्त गारवा देते!"

"आता रोवणी कराले बाया सांगू का?" आशाबाईंनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी प्रणित घामाघूम होऊन उठला. कूलरमधून भट्टीसारखी झळ येत होती. तो अंगणात धावला आणि तिथून ओरडला, "दिव्यानी! गाय कूलर खातेय!"

भागीरथाबाईंची गाय चांदी सुतळी तोडून मागची ताटी सावकाश संपवत होती. तिचंही बरोबर होतं. तणस तिच्याच ढिगातलं, वर पाणी शिंपडलेलं, शिवाय कोवळे पऱ्हे! एवढी सरबराई जावयाचीही झाली नव्हती.

"वारलूभाऊ, तुमी त्या गाईले हाकलून काऊन नाई राह्यले?" भागीरथाबाई धावत आल्या.

"कशी हाकलू? तिचंच तं हाय!"

दिव्यानी बॅग भरू लागली. आशाबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तेवढ्यात भागीरथाबाई म्हणाल्या, "पोरी, परत कायले जातेस? आमच्या मागच्या खोलीत एसी हाय. पंधरा दिवस तिथीच झोपा!"

दहा मिनिटांत जावई, लेक, बॅग, कुरडयांचे डबे आणि आशाबाई, सगळं शेजारी पोचलं. थोड्या वेळानं वारलूभाऊही सहज म्हणून तिथं डोकावले. गार झुळूक अंगावर आली. खरं सांगायचं तर त्यांना फार बरं वाटलं. ते नेमकं कुणाला दिसू नये म्हणून ते गंभीरपणे एसीकडे बघत राहिले.

"भागीरथाबाई, याचा फिल्टर कधी धुतला? घाण बसली तं वीज जास्त खाते. मी खोलून पाहू का?"

"नाई!" चौघंही एकदम ओरडले. दोन्ही घरांत मिळून उन्हाळाभरात पहिल्यांदाच कशावर तरी एकमत झालं होतं.

वारलूभाऊ घरी येऊन कूलरपाशी बसले. त्यांच्या बोलण्याला मान डोलावणारं एकच कुणी उरलं होतं, आणि तिनं आता दुसरी ताटी खायला घेतली होती.