एकेचाळीस टक्के मजबूत

कोणतीही वस्तू आपणहून मजबूत नसते. ती कशाच्या तरी मानानं मजबूत असते. हे वचन अमरावतीतल्या आमच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागानं जितक्या निष्ठेनं पाळलं, तितक्या निष्ठेनं मी माझे सोमवारही पाळलेले नाहीत. विभागातून आजवर चौदा प्रबंध गेले आणि चौदाही प्रबंधांत प्लास्टिक मजबूत झालं. सरासरी वाढ साडेसदतीस टक्के; घट निरंक. (वर्गातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या मोडतात, पण त्या संशोधनाच्या कक्षेत येत नाहीत.)

पंधरावा प्रबंध बार्शीटाकळीच्या सीमाचा. विषय, ग्राफीन ऑक्साइड. म्हणजे शिसपेन्सिलीतलं ग्राफाइट, तीव्र आम्लात घालून त्याचे पापुद्रे सोडवलेले. चिकट रेझिनमध्ये हे मिसळलं की रेझिनला बळ येतं म्हणतात. पण नुसतं टाकलं तर ते गुठळी धरून एका बाजूला बसतं, लग्नात मुलाकडची मंडळी बसतात तसं. म्हणून त्याच्यावर आधी रासायनिक संस्कार करायचे, मग ते रेझिनचा हात धरतं. सीमानं साडेपाच वर्षं संस्कार केले. (माणसाला सोळा पुरतात.)

पट्ट्या दोन तऱ्हेच्या: एक ग्राफीनवाली, एक साधी. दोन्ही ओढून तोडायचं यंत्र अकोल्याला. साधी पट्टी ओतणं माझ्याकडे, कारण मी प्रयोगशाळेत बावीस वर्षं मदतनीस आहे. शंभर भाग रेझिनला दहा भाग हार्डनर (ते रेझिनला घट्ट करतं; कमी पडलं की पट्टी कच्ची राहते), हे प्रमाण साबुदाण्याच्या पाण्यासारखं माझ्या हातात बसलेलं.

सीमाची पट्टी साधीपेक्षा दोन टक्के मजबूत निघाली. दोन टक्क्यांचं काय करायचं याची विभागात कार्यपद्धती नव्हती. प्रबंधाची मुदत तर माघात संपत होती. तेव्हा विभागप्रमुख मोरोपंत सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "माणिकबाई, साध्या पट्टीत हार्डनर सातच घाला. साधीला कोण विचारतं?"

खोटं बोलायचं नाही हे माझं व्रत आहे. पण व्रत जिभेचं आहे, हाताचा त्यात उल्लेख नाही. मी हात धुतले आणि सात घातलं.

पट्ट्या माझ्या फराळाच्या डब्यातून अकोल्याला गेल्या. एकेचाळीस टक्के वाढ झाली. सरांनी पेढे वाटले, सरांचा लेख छापून आला, सरांना शाल मिळाली. साध्या पट्टीचा हा विभागातला सर्वांत मोठा त्याग, पण तिचं नाव लेखात नव्हतं.

इथे सीमाकडून गैरवर्तन घडलं. चांगला आलेला निष्कर्ष तिनं पुन्हा तपासला. (विभागाच्या इतिहासात असं कुणी केलेलं नाही, तशी नोंदवहीच नाही.) एका रविवारी तिनं साध्या पट्ट्या स्वतः ओतल्या, अकोल्याला जाऊन तोडल्या, आणि पुन्हा दोनच टक्के. मग ती मला विचारायला आली. मी तिला भगर वाढली.

तोंडी परीक्षा आली श्रावणी सोमवारी. सीमानं परीक्षकांपुढे दोन्ही आकडे मांडले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, पहिल्या साध्या पट्ट्या कुणी केल्या? मी नेमकी चहा घेऊन आत आले.

सोमवारी मी सूर्यास्तापर्यंत मौन धरते. विभागाला ते ठाऊक आहे. कामापुरतं लिहायला खुंटीला पाटी टांगलेली आहे. सीमानं ती काढून माझ्या हातात दिली.

"मावशी, हार्डनर किती टाकलं व्हतं, येवढंच लिवा. माह्यी सहा वर्सं हायेत त्याच्यात."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग पंख्याकडे. मी पेन्सिल घेतली आणि वळणदार अक्षरात लिहिलं, ॐ नमः शिवाय.

परीक्षकांनी हात जोडले. त्यांनी जोडले म्हणून सगळ्यांनी जोडले. हात जोडल्यावर पुढचा प्रश्न विचारायची आपल्याकडे रीत नाही.

निर्णय असा झाला: विद्यार्थिनीचे दोन टक्के ही हाताळणीतील चूक समजावी, प्रबंध परत करण्यात येत असून सहा महिन्यांत योग्य ती सुधारणा करून सादर करावा.

सगळे गेल्यावर सीमानं ओढणीनं पाटी पुसली, खुंटीला अडकवली आणि आवाज न चढवता म्हणाली, "उद्या मंगळवार हाये, मावशी."

तेव्हापासून मी मंगळवारीही मौन धरते. बुधवारी ती तक्रार घेऊन विद्यापीठात खेटे घालते असं कळल्यावर बुधवारही धरला. विभागात माझ्या भक्तीचं फार कौतुक आहे.

तुम्हांला मात्र दहाचे सात झाले तेव्हाच सगळं कळलं होतं. सीमा पाटी घेऊन उभी होती, तेव्हा तुम्ही हसत होतात. आज तुमचा कोणता वार?