आबांच्या स्पॅनिशचा खोडवा

आमच्या शेजारचे हणमंतआबा सत्तरी ओलांडल्यावर स्पॅनिश शिकले. शिकले म्हणजे एक शब्द शिकले. उसाचा अख्खा हंगाम सरला, आमच्या कोऱ्हाळ्यातले फड तुटून कारखान्याला गेले, पण आबा 'मानो'वरून हलले नाहीत. मानो म्हणजे हात.

"आबा, आता दुसरा शब्द घ्या," मी म्हणालो. हायस्कुलात जन्मभर इंग्रजी शिकवल्यामुळे कुणी परभाषेशी असा खेळ मांडला की मला राहवत नाही.

"सर, तुमी कदी ऊस लावलाय?"

"नाही."

"मग गप बसा. लागण एकदाच करायची. पुढं खोडवं घ्यायचं."

ऊस तोडला की त्याच बुडख्यातून पुन्हा पीक फुटतं, तो खोडवा. नवं बेणं नको, नांगरट नको. आबांच्या मते शब्दही असाच पाहिजे. एकदा पाठ करायचा आणि निघतील तेवढे अर्थ काढायचे. ज्याला एकच अर्थ असतो त्या शब्दाला ते 'भाकड' म्हणतात आणि त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

ही लागण झाली ती स्वातीमुळे. स्वाती त्यांची एकुलती एक लेक. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून आबांनीच तिच्या वेण्या घातल्या, त्याही वाकड्या. पोरगी इंजिनिअर झाली, लोणी देवकरच्या एमआयडीसीत नोकरीला लागली, आणि तिथं यंत्रं बसवायला आलेल्या दिएगो नावाच्या स्पॅनिश मुलाशी तिचं जमलं. आबांनी पहिल्याच दिवशी दिएगोचा 'दिगू' केला आणि लग्नाला होकार देऊन टाकला.

भावकीत भडका उडाला. आबांचे चुलतभाऊ तात्या अंगणात येऊन गरजले, "हणमंता, बिनआईची पोर हाय. समिंदराच्या पल्याड तिला बघणार कोण? तिच्या सासऱ्याशी तुला बोलता तरी येतंय का?"

"न्हाय येत. शिकतो. बैठकीत मीच बोलणार, माझ्या तोंडानं."

मी आपलं सुचवलं, की मोबाइलमध्ये सोय असते, आपण मराठीत बोलायचं, तो स्पॅनिशमध्ये ऐकवतो. आबा माझ्यावरच उखडले. "मग फेटाबी मोबाइललाच बांधा की!"

गुरुजी अर्थातच दिगू, व्हिडिओ कॉलवर. घराला रंग चालू होता. भिंत बघून दिगू म्हणाला, अजून एक मानो द्या. आबा शिडीवरून उतरून तसेच माझ्याकडे आले, रंगाचे डबे उघडे टाकून. "सर, त्यांच्यातबी रंगाचा हातच म्हणत्यात!" मग मदतीचा हात निघाला. मग पत्त्यांतला हात निघाला. मी शब्दकोश काढून पडताळलं. सगळं बरोबर निघालं, याचा मला थोडा रागच आला.

"शब्द आपलाच हाय," आबांनी निकाल दिला. "हितनंच कुणीतरी नेला आसंल. आपल्याकडनं निस्ती डाळिंबंच बाहेर जात्यात व्हय?"

त्यानंतर त्यांनी गावाला सळो की पळो करून सोडलं. उसाची ट्रॉली रुतली की "मानो लावा रं!" पारावर डाव मांडला की "मानो कुणाचा?" पोरं त्यांना मानोआबा म्हणून चिडवू लागली. आबा थांबून सुनवायचे, "हसा लेकानू. मला एक तरी येतोय. तुमाला किती येत्यात?"

अखेर बैठक ठरली. दिगूचे वडील रामोन आले. तेही शेतकरीच, ऑलिव्हवाले, अंगानं आडवेतिडवे. सतरंजीवर मांडी घालता घालता घामाघूम झाले. तात्या नाक फुगवून समोर बसले होते. "स्वाती, इचार पावण्यास्नी," त्यांनी सुरुवात केली.

"स्वाती, तू बोलू नगस," आबा कडाडले. "दलाल बाजारात लागतो. बैठकीत न्हाय."

रामोन कावरेबावरे. आबांनी बंडीच्या खिशात हात घातला. आम्हाला वाटलं सुपारी निघणार. निघाला पत्त्यांचा कॅट. "मानो?" आबांनी विचारलं. रामोनच्या चेहऱ्यावर गाडीतून उतरल्यापासूनचं पहिलं हसू आलं.

सोयरिकीच्या बैठकीत मेंढीकोट खेळलेलं मी तरी कधी पाहिलेलं नाही. आबा आणि व्याही एकीकडे, तात्या आणि मी दुसरीकडे. रामोनला खेळ ठाऊक नव्हता, पण ते असे काही खेळले की तात्या रडीचा डाव खेळूनही हरले. हरल्यावर त्यांनी आधी चहा मागितला आणि मग, जरा वेळानं, सुपारी फोडायला परवानगी दिली.

पाहुणे बारामतीला मुक्कामाला निघाले. गाडी दारात लागली. तेव्हा आबांचा सगळा ताठा कुठं गेला कोण जाणे. त्यांनी स्वातीला जवळ ओढलं. रामोनचा पंजा स्वतःच्या दोन्ही हातांत घेतला आणि तिच्या डोक्यावर नेऊन ठेवला.

"मानो," ते म्हणाले. पुढचं मराठीतच आलं. "आजवर माझा व्हता. आता तितं तुमचा ऱ्हाऊ द्या."

हा अर्थ शब्दकोशात नाही. मी शब्दकोश दोनदा चाळलेला, म्हणून सांगतो. हा आबांनी स्वतःच काढला होता, आणि आम्हा कुणाला कळू न देता जपून ठेवला होता. मला भडभडून आलं. तात्यांनी तोंड फिरवलं.

रामोननी हात उचलला नाही. तसाच ठेवून ते बराच वेळ काहीतरी बोलले, हळू आवाजात, आबांकडे बघत. स्वाती भाषांतर करायला गेली, पण तिला हुंदका आवरेना.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "कळलं मला."

मग उपरण्यानं डोळे पुसून ते आमच्यावर खेकसले, "बघताय काय? पेढं वाटा!"