दुसरं स्वयंपाकघर कुठलं?

ग्रंथपालाने आयुष्यात एकच अर्ज मन लावून भरला आणि नेमका तोच त्याला भोवला. मागच्या खोलीचे छत गळत होते. दुरुस्तीच्या परवानगीसाठी नगरपालिकेला घराचा आराखडा हवा होता. वीस वर्षे पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवणाऱ्या माणसाला कोरी चौकट बघवत नाही. त्याने पट्टी घेऊन रेघा आखल्या, प्रत्येक चौकटीत सुवाच्य अक्षरात खोलीचे नाव घातले आणि मागच्या खोलीत लिहिले, ‘स्वयंपाकघर क्रमांक दोन’.

आठवड्याने उत्तर आले. एका घराला एकच स्वयंपाकघर. दुसरे असेल तर ते दुसरे घर धरले जाईल आणि दुसऱ्या घराला परवानगी नाही. निरीक्षक मंगळवारी अकराला पाहणी करतील. दुसरे स्वयंपाकघर आढळल्यास ओटा तोडावा लागेल.

“तुला क्रमांक घालायला कोणी सांगितलं होतं?” बायकोने विचारले. ती शाळेत भूमिती शिकवायची, त्यामुळे तिचा प्रश्न नेहमी टोकदार असे.

“खरं होतं ते लिहिलं.”

“सामानाची खोली लिहिलं असतंस तर अर्जाला ताप आला असता का?”

तो ओटा तुटणे परवडणारे नव्हते. ग्रंथपालाची आई पूर्वी इस्पितळात मुख्य परिचारिका होती. तीस वर्षे डॉक्टरसुद्धा तिला विचारून खोकत. ती राहायला आल्यावर पहिले सहा महिने एकाच ओट्याशी दोघी उभ्या राहिल्या. भांडण एकदाही झाले नाही. फक्त एकीने मंद केलेली आच दुसरी मोठी करायची आणि ग्रंथपाल करपलेले मुकाट्याने गिळायचा. शेवटी त्याने मागच्या खोलीत ओटा, नळ आणि विजेची शेगडी बसवून दिली. दोन तलवारींना दोन म्यानं मिळाली. घरात शांतता नांदली.

त्याने कार्यालयात फोन लावला. पलीकडचा कारकून जांभई देत म्हणाला, “ओटा, नळ, शेगडी. तिन्ही असले की स्वयंपाकघर. एक कमी असलं की नाही.”

शेगडी आईच्या पलंगाखाली गेली. ओट्यावर बादल्या, साबण आणि इस्त्री मांडून खोलीचे धुणीघर केले. मागची भांडी पुढच्या स्वयंपाकघरात नेली. तिथे आधीच दाटी होती, म्हणून डबे पुढच्या ओट्यावर रचले. डबे मावेनात, तेव्हा पुढच्या शेगडीवर फळी टाकून बायकोने तिथे वह्यांचे गठ्ठे ठेवले.

“एकच सकाळ,” आईने बजावले. “त्यापुढे मी धुणीघरात राहणार नाही.”

मंगळवारी अकराला पाच मिनिटे कमी असताना निरीक्षक आले. बारीक चणीचे गृहस्थ, हातात मोजपट्टी, खिशाला तीन पेनं. मागे धुणीघर आहे, असे ग्रंथपालाने सांगताच ते थेट मागे गेले आणि लोटलेल्या दाराशीच थबकले. नाक वर केले.

“धुणीघर म्हणालात ना?”

“हो.”

“कांद्याचा वास येतोय.”

“डाग काढायला,” ग्रंथपाल म्हणाला.

“कांद्याने डाग निघतात?”

“आई परिचारिका होती,” ग्रंथपाल म्हणाला, जणू त्यात सगळे आले.

आत बादल्या जमिनीवर उतरवलेल्या होत्या. शेगडी पलंगाखालून ओट्यावर परतली होती आणि आई कढईत कांदा परतत होती.

“पुढे पाय ठेवायला जागा नाही,” ती वळूनही न बघता म्हणाली. “उपाशी राहू का? साहेब, बसा. हा खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात, बघून घ्या.”

निरीक्षकांनी कान बघितले आणि नोंद केली. तिने कांद्यावर अंडी फोडली, बशी त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी ती नियमात बसते का याचा विचार करेपर्यंत निम्मी संपली होती. मग त्यांनी ओटा मोजला, नळ सोडून पाहिला आणि पुढची खोली दाखवा म्हणाले.

पुढे डब्यांची भिंत होती. शेगडी वह्यांखाली गाडली गेली होती. निरीक्षकांनी वरच्या वहीतला एक त्रिकोण बघितला, मान हलवली आणि उभ्याउभ्या लिहिले. “मागे स्वयंपाकघर. पुढे सामानाची खोली. घरात स्वयंपाकघर एकच. छताला परवानगी. काही तोडायचं नाही.”

ग्रंथपालाच्या जिवात जीव आला. तेवढ्यात बायको म्हणाली, “एक मिनिट. ही सामानाची खोली नाही. अकरा वर्षं मी इथे रांधते.”

“असं?” निरीक्षकांनी पेन पुन्हा उघडले. “मग मागचं काय?”

“स्वयंपाकघर,” आई दारातून म्हणाली.

“मग दोन होतात. बाई, मला काहीच अडचण नाही. फक्त आत्ता ठरवा, कुठला ओटा तोडायचा.”

बायकोने सासूकडे बघितले, मग नवऱ्याकडे. ग्रंथपालाचे कान आता काहीही न बोलता लाल झाले होते.

“सामानाची खोली,” ती म्हणाली. त्या दोन शब्दांना तिला बराच वेळ लागला.

साहेब गेले. आईने विजयी मुद्रेने हात पुसले. बायकोने शिक्का मारलेला कागद दोनदा वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि खुर्चीत पाय पसरून बसली.

“आई, जेवायला काय करताय?”

“मी? सगळ्यांचं?”

“सामानाच्या खोलीत रांधणं बेकायदा असेल. उगाच घरावर बालंट कशाला?”

मंगळवारी आईने हौसेने केले. बुधवारी मानाने केले. गुरुवारी सकाळचा डबा, दुपारचे जेवण आणि रात्रीचे जेवण उरकून ती भिंतीला टेकून उभी राहिली. तेव्हा सून आरामखुर्चीत बसून शांतपणे कोन मोजत होती.

शुक्रवारी आईने ग्रंथपालाकडून पट्टी मागून घेतली आणि दार लावून अर्ज भरला. मागची खोली धुणीघर आहे, पूर्वीपासून धुणीघरच होते, तरी फेरपाहणी व्हावी, असे तिने लिहिले होते. ‘कारण’ या रकान्यात चार शब्द होते : अर्जदाराचे पाय फार दुखतात.